वळणावळणाच्या छोट्या ट्रॅकवर जिंकतं काय: बीएचपी, वजन की टायर?

सडेफिरस्ता (रत्नागिरी)

मंडळी, आमच्या रत्नागिरी-चिपळूण-सावंतवाडीच्या गटात सध्या एकाच गोष्टीवरून रण पेटलंय. डिसेंबरात कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर ट्रॅक डेला (आपापली गाडी रेसट्रॅकवर पळवायचा दिवस) जायचं घाटतंय. चार गाड्या नक्की आहेत: बीएमडब्ल्यू एम२, पोर्शे ७१८ केमन, अबार्थ पुंटो आणि माझी फोक्सवॅगन पोलो १.० टीएसआय. एम२वाल्या मित्राचं म्हणणं, "४६० पीएस आहेत, चर्चा कसली करताय?" (पीएस काय, बीएचपी काय, दोन्ही इंजिनाची ताकद मोजायची जवळजवळ सारखीच मापं.) मला हे मुळीच पटत नाही. का, ते आकड्यांनिशी मांडतो.

कारीची एक फेरी जेमतेम २.१ किमीची. जपानचा त्सुकुबाही साधारण तेवढाच, २.०४५ किमी. ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट ५ किमीच्या वर आहे, आणि त्यात एकच स्ट्रेट (सरळ पट्टा) किलोमीटरभर चालते. तिथे ताकदीला पळायला जागा मिळते. छोट्या ट्रॅकवर गाडी जरा वेग घेते न घेते तोच पुढचं वळण येतं.

आता एक हेअरपिन धरा, त्रिज्या १५ मीटर. अर्धवर्तुळ म्हणजे ४७ मीटर अंतर. पुढे १०० मीटरची स्ट्रेट आणि मग पुन्हा तसंच वळण. साध्या रस्त्याच्या टायरची बाजूची पकड ०.८५ जी (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा जोर) समजू. मग त्या वळणात गाडी ४० किमी/तासाच्या वर जाऊच शकत नाही, बोनेटखाली काहीही असो. वळणाला ४.२ सेकंद लागतात.

पहिली गाडी ०-१०० (शून्यावरून १०० किमी/तास) सात सेकंदांत जाणारी, म्हणजे ऑक्टेव्हिया आरएस २३० च्या दमाची. १०० मीटरात ती ९३ पर्यंत चढते, ब्रेक मारून परत ४० वर येते. वेळ ५.४ सेकंद. वळणासकट ९.६.

दुसरी गाडी तेच टायर घातलेली, पण ०-१०० साडेचार सेकंदांच्या आसपास. ती १०३ पर्यंत जाते, स्ट्रेटला ५ सेकंद घेते. एकूण ९.२. म्हणजे दीडपट जोर लावून कमावले ०.४ सेकंद.

तिसरी गाडी म्हणजे पहिलीच, फक्त टायर सेमी-स्लिक (कमी खाचांचे, ट्रॅकसाठीचे चिकट टायर) आणि पकड १.१ जी. वळणात वेग ४६ किमी/तास, वेळ ३.७ सेकंद. ब्रेक उशिरा मारता येतो, वळणातून बाहेर पडतानाच वेग जास्त असतो, म्हणून स्ट्रेटलाही ५ सेकंदच लागतात. एकूण ८.७.

इंजिनाला हात न लावता, नुसत्या टायरवर ०.९ सेकंद. ताकदीने जेवढं मिळालं त्याच्या दुपटीहून जास्त. हिशोब ढोबळ आहे: वेग एकसारखा वाढतो असं धरलंय, रेसिंग लाइन (वळणातला सर्वांत जलद मार्ग) धरलेली नाही. पण बारकावे घातले तरी क्रम उलटणार नाही असं माझं ठाम मत आहे.

आमराई (देवगड)

सुंदर धागा. पहिल्यांदाच कुणीतरी "हँडलिंग मस्त आहे" याच्या पुढे जाऊन लिहिलंय. वाचतोय.

सहासिलिंडर (सावंतवाडी)

तो एम२वाला मित्र मीच. फिरस्ते, हिशोब मान्य. पण टायर काय फक्त तुझ्या पोलोलाच मिळतात का? सेमी-स्लिक मीही घालीन. दोघांची पकड १.१ जी झाली की मधे उरते फक्त ताकद, आणि ती माझ्याकडे आहे. शिवाय माझे पुढचे टायर २७५ चे, मागचे २८५ चे. पोलोचे १९५. रुंदीचं काय करशील?

सडेफिरस्ता

रास्त मुद्दा. पोलो तुझ्यापुढे जाईल असं मी म्हणतच नाही. ११० पीएस आणि ०-१०० ला दहाएक सेकंद घेणारी गाडी तुला मागे टाकणार नाही. माझा वाद केमनपुरता आहे. तिच्याकडे ३०० पीएस, तुझ्यापेक्षा १६० ने कमी. तरी मला ती पुढे दिसते, किमान तुझ्या बरोबरीने.

रुंदीचंच बघू. तुझ्या चार टायरांची रुंदी मिळून ११२० मिमी, गाडी १,७०० किलोच्या वर. म्हणजे एक मिमी रुंदीवर दीड किलोहून जास्त भार. केमनचे पुढे २३५, मागे २६५, बेरीज १००० मिमी, आणि गाडी १,३५० किलोच्या आसपास. तिथे मिमीमागे १.३५ किलो. टायरवर भार वाढत गेला की पकडही वाढते, पण भाराच्या प्रमाणात नाही, त्याहून कमी. म्हणून तुझा रुंद टायरसुद्धा तुझं सगळं वजन फेडू शकत नाही.

आणि वळणातून बाहेर पडताना ४६० पीएस जमिनीवर उतरवायला मागची दोनच चाकं आहेत. साध्या टायरवर दुसऱ्या गिअरात पाय दाबला की ट्रॅक्शन कंट्रोल (चाक घसरू न देणारी यंत्रणा) इंजिनाचा गळा धरतं. त्या १०० मीटरांतला पहिला तुकडा तू पूर्ण ताकदीने जाऊच शकत नाहीस. केमनचं इंजिन मागच्या अॅक्सलच्या लगेच पुढे, त्यामुळे गाडी ढकलणाऱ्या मागच्या चाकांवर मुळातच वजन जास्त. शिवाय जड भाग गाडीच्या मध्याजवळ असल्याने एका वळणातून उलट्या वळणात नाक फिरवायला ती कमी वेळ घेते. सलग डावं-उजवं आलं की हा फरक हाताला जाणवतो.

भरतीओहोटी (चिपळूण)

सगळे पळण्यावर बोलताय, थांबण्यावर कुणीच नाही. मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे, म्हणून हा भाग माझा.

१०० वरून ४० वर येताना दर किलोमागे ३२४ जूल ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते. ड्रायव्हर धरून एम२ सुमारे १,७८० किलो, म्हणजे एका ब्रेकिंगला ५७७ किलोजूल. केमन ४६३. पोलो ३७३. छोट्या ट्रॅकवर अशी ब्रेकिंग मिनिटात चार-पाच वेळा होते, आणि मधे डिस्क गार व्हायला लांब स्ट्रेट नसते. पहिल्या दोन फेऱ्यांत एम२ पुढे असेल, मी नाकारत नाही. पण दहा मिनिटांच्या सेशनच्या शेवटी कोण पुढे असेल, तो प्रश्न वेगळा आहे.

आता आपल्या कोकणाची गोष्ट. ब्रेक फ्लुइड (पॅडलचा दाब चाकांपर्यंत पोचवणारा द्रव) हवेतली ओल शोषून घेतो. नव्या डॉट ४ प्रतीच्या फ्लुइडचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. ओल शोषलेल्याचा किमान १५५ एवढाच. ७५ अंशांची घसरण! फ्लुइड उकळला की ब्रेकच्या नळीत वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते आणि पॅडल थेट तळाला जातं. वर्षभर खाडीकाठच्या दमट हवेत उभ्या असलेल्या गाडीत फ्लुइड कधी बदललाय हे मालकाला आठवतसुद्धा नसतं. ट्रॅकवर नेण्याआधी चारही गाड्यांचा फ्लुइड बदला, शक्यतो डॉट ५.१ घाला, ज्याचे हेच आकडे २६० आणि १८० आहेत. डॉट ५ मात्र नको. तो सिलिकॉनचा, वेगळा प्रकार आहे, डॉट ४ मध्ये मिसळत नाही.

पॅडही बघा. रस्त्याचे पॅड गार असताना चांगले धरतात, पण तापले की त्यांची पकड गळते. डिस्कवर खाऱ्या हवेचा गंज चढला असेल तर आधी रस्त्यावर हळूहळू ब्रेक मारत तो घासून काढा.

सहासिलिंडर

ताई, फ्लुइडचं माझ्या डोक्यातच नव्हतं. उद्याच गाडी देतो. पण वेळेच्या बाबतीत मी अजून हरलो नाही. जर्मनीतल्या न्यूरबुर्गरिंग ट्रॅकची, फेरीच्या वेळांची यादी काढा. वरच्या सगळ्या गाड्या ५०० पीएसच्या पुढच्याच आहेत.

डोंगरउतार (दापोली)

ती यादी मला जवळजवळ पाठ आहे, म्हणून बोलतो. न्यूरबुर्गरिंग नॉर्डश्लाइफ २०.८३२ किमीचा, आणि फेरीच्या शेवटी दोन किलोमीटरहून लांब स्ट्रेट. त्या वेळांवरून कारीचा अंदाज बांधू नये हे पहिलं.

दुसरं, त्या लांब ट्रॅकवरही तुमचाच मुद्दा पडतो. पोर्शे ७१८ केमन जीटी४ आरएस: ५०० पीएस, १,४१५ किलो, पूर्ण फेरी ७ मिनिटं ०९.३ सेकंद. बीएमडब्ल्यू एम४ सीएसएल: ५५० पीएस, १,६२५ किलो, वेळ ७:२० च्या आसपास. दोन्ही गाड्यांना ट्रॅकसाठीचे, त्याच धाटणीचे चिकट टायर. ५० पीएस कमी, २०० किलो कमी, आणि दहा सेकंद पुढे. गाडीला खाली दाबणाऱ्या हवेचा आणि इंजिनाच्या जागेचाही त्यात वाटा आहे, पण माझ्या मते वजनाचा सर्वांत मोठा.

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांचं बघा. २०१९ मध्ये रेनॉ मेगान आरएस ट्रॉफी-आर ने ७:४५.३८९ वेळ दिली. मागची सीट काढून टाकली, जमेल तिथून किलो कमी केले. त्यानंतर होंडा सिव्हिक टाइप आर ने २०२३ मध्ये ७:४४.८८१ केली. मेगानचं ३०० पीएसचं इंजिन होंडाच्या इंजिनापेक्षा कमी ताकदीचं, तरी २० किमीत फरक अर्ध्या सेकंदाचा! मला तर मेगानचंच कौतुक जास्त वाटतं.

यादी वाचताना आणखी एक सांभाळा. २०१९ पूर्वीच्या बऱ्याच वेळा २०.६ किमीच्या फेरीच्या आहेत, नंतरच्या २०.८३२ च्या. हा फरक न बघता लोक दोन गाड्यांची तुलना करून मोकळे होतात.

आंबोलीचो

फिरस्त्याचो हिशोब आमच्या अनुभवाक बराबर बसता. आमच्या आंबोलीत वर्साक ७०० सेंमीच्या आसपास पाऊस. ओल्या रस्त्यार टायराची पकड कमी झाली काय ४६० घोडे खंय ठेवतलास? हलकी गाडी, बरे टायर आणि हळू पाय, हेच्यापुढे काय चलणा नाय.

पण माका एक सांगूचा आसा. गटातल्या पोरांनी "घाटात सराव करूया" म्हणान लिवल्यानी ता माका बिलकूल आवडला नाय. आंबोली काय, आंबा काय, करूळ काय, ही लोकांची वाट. वळणार एष्टी येता, गवे आडवे जातत, शाळेतली पोरां कडेन चलतत. थंय सराव नाय. सराव ट्रॅकार.

भरतीओहोटी

आंबोलीचोंना शंभर टक्के पाठिंबा. आणि कायद्याचंही सांगते. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी ५,००० आणि पुन्हा केल्यास १०,००० रुपयांपर्यंत दंड, शिवाय कैदेचीही तरतूद. गाडीच्या विमा पॉलिसीत शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते, म्हणजे ट्रॅकवर ठोकली तरी खर्च स्वतःचा. हे समजून उमजून चला.

तिसरागिअर (गुहागर)

माझा भाग ड्रायव्हिंगचा. फॉर्म्युला एलजीबीच्या (एकाच सीटच्या रेसिंग गाड्यांची भारतीय मालिका) गाड्या मी कारीवर जवळून पाहिल्यात. स्विफ्टचं इंजिन, हलकी बॉडी, आणि वळणात त्या जे करतात ते बघून माणूस बीएचपी विसरतो.

टायरची पकड एकाच घागरीतल्या पाण्यासारखी समजा. ब्रेकला ओतलंत तेवढं वळायला कमी उरतं, वळायला ओतलंत तेवढं अॅक्सिलरेटरला कमी. नवखा ड्रायव्हर वळणात शिरल्यावरही पूर्ण ब्रेक दाबून ठेवतो आणि वर स्टिअरिंग फिरवतो. घागर रिकामी, गाडी सरळ बाहेर. सराईत ड्रायव्हर सरळ रेषेत जोरात ब्रेक मारतो, मग स्टिअरिंग जसजसं वाढतं तसतसा पाय उचलत नेतो. पुढच्या चाकांवर थोडा भार राहतो, नाक आत येतं.

मग हेअरपिन. तिथे वळणाच्या आतल्या कडेला गाडी उशिरा टेकवा. शिरताना थोडं बाहेर, थोडं हळू, पण टेकवल्यावर गाडी लवकर सरळ होते आणि अॅक्सिलरेटर लवकर लागतो. लांब स्ट्रेटच्या तोंडाशी असलेल्या वळणात हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण बाहेर पडतानाचा दोन किमी/तास जास्तीचा वेग अख्ख्या स्ट्रेटभर सोबत राहतो. सलग दोन वळणं असतील तर पहिल्याचा बळी द्या, दुसरं वाचवा.

गाडीगणिक हात बदलावा लागतो. पोलो आणि पुंटोचं नाक जड आणि डिफरेन्शियल (डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणारा भाग) साधं. वळणातून बाहेर येताना घाईने पाय दाबलात तर आतलं पुढचं चाक नुसतं फिरतं. थोडं थांबा, स्टिअरिंग सरळ करत आणा, मग दाबा. एम२ ला मागे लॉकिंग डिफरेन्शियल आहे, ती अॅक्सिलरेटरवर फिरवता येते, पण पाय हलका हवा. केमनमध्ये एकच पथ्य: वळणाच्या मध्यात घाबरून अॅक्सिलरेटर एकदम सोडू नका. वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात आणि शेपूट फिरते.

अबार्थ पुंटोला कमी लेखू नका. १४५ बीएचपी आणि स्टिअरिंगला हायड्रॉलिक मदत. पुढची चाकं कधी सुटायला लागली ते हाताला आधी कळतं. आताच्या बऱ्याच इलेक्ट्रिक स्टिअरिंगमध्ये ते कळत नाही.

टायरवाला_चिपळूण

धंद्यातलं बोलतो. आपल्याकडे गिऱ्हाईक टायर घेताना पहिलं विचारतं, "किती किलोमीटर चालेल?" जांभ्याच्या खडीवर आणि खड्ड्यांत ते बरोबरच आहे. पण जास्त चालणारा टायर कडक रबराचा असतो. टायरच्या कडेला ट्रेडवेअरचा आकडा असतो. ४०० च्या पुढचा दीर्घायुषी, २०० च्या आसपासचा चिकट. वेगवेगळ्या कंपन्यांच्या आकड्यांची तुलना ताणून करू नये, पण अंदाज येतो.

रत्नागिरीहून कोइमतूर हजार किलोमीटरच्या आसपास. हायवे ६६ धरून मंगळुरू, कोळिकोड आणि तिथून पालघाट खिंडीतून वर. चिकट टायर घालून तेवढं चालवत नेलंत तर अर्धी मजा रस्त्यावरच झिजेल. टायर वेगळे न्या, तिथे बदला.

हवा सकाळी, टायर गार असताना मोजा. ट्रॅकवर तापला की दाब चांगलाच चढतो आणि टायर मधल्या पट्ट्यावर उभा राहतो. म्हणून पिटमध्ये (ट्रॅकच्या कडेला गाडी थांबवायची जागा) येताच गरम दाब मोजा आणि चारही बाजूंनी सारखा कमी करा. घरी परतताना पुन्हा भरायला मात्र विसरू नका. जड गाडीवाल्यांनी तीन-चार जोरदार फेऱ्यांनंतर एक सावकाश फेरी घ्यावी, नाहीतर पुढच्या टायरचा बाहेरचा खांदा पहिल्याच सेशनला सोलला जाईल.

सडेफिरस्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. आता तुलना खरी कशी करायची ते ठरवू. प्रत्येकाने आपलीच गाडी चालवली तर आपण गाड्या मोजणार नाही, माणसं मोजू. मला हे कळकळीने वाटतं की आपल्याकडे गाड्यांच्या गप्पा भरपूर होतात, पण सारख्या अटींवर कुणी मोजत नाही. ते आपण करूया.

माझा प्रस्ताव असा: चारही गाड्या तिसरागिअर चालवतील. टाकीत सारखंच, पाव टाकी पेट्रोल. एक फेरी टायर तापवायला, मग तीन पूर्ण फेऱ्या, मग एक सावकाश. सगळ्यात जलद एकच फेरी न धरता तिन्हींची सरासरी धरायची, म्हणजे ब्रेक आणि टायरचं थकणंही मोजलं जाईल. सगळं सकाळी लवकर, डांबर तापायच्या आत. दुपारच्या उन्हात टर्बोच्या गाड्यांना गरम हवा ओढावी लागते, आणि आपल्या चारही गाड्या टर्बोच आहेत.

मोबाइलच्या जीपीएसवर विसंबू नका. तो बहुतेक वेळा सेकंदाला एकदाच नोंद घेतो, आणि १०० च्या वेगाने गाडी सेकंदात २८ मीटर जाते. फेरीची रेषा नक्की कधी ओलांडली ते त्यातून धूसरच कळतं. सेकंदाला १० नोंदी घेणारा वेगळा रिसीव्हर लागेल. कुणाकडे आहे का?

माझा अंदाज लेखी ठेवतो: केमन पहिली, एम२ अगदी जवळ दुसरी, पुंटो तिसरी, पोलो चौथी. पहिल्या फेरीत एम२ पुढे आणि तिसऱ्या फेरीत केमन पुढे, असंही घडू शकेल. तसं झालं तर भरतीओहोटी ताईंचा ब्रेकचा मुद्दा आकड्यांत दिसेल.

सहासिलिंडर

प्रस्ताव मान्य. माझा अंदाज उलटा: तिन्ही फेऱ्यांत एम२, पण फरक अर्ध्या सेकंदाच्या आत. सेमी-स्लिकचा सेट मागवतोय आणि केमनवाल्यालाही त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा घ्यायला सांगितलंय. नाहीतर तुलनेला अर्थ नाही.

तिसरागिअर

चालवायला मी आनंदाने तयार, पण एक अट. प्रत्येक गाडी मला आधीच्या दिवशी थोडा वेळ द्या. अनोळखी गाडीत पहिल्या फेरीला मी ब्रेक लवकरच मारणार, आणि ते गाडीच्या खात्यावर जायला नको. केमनचा क्रम शेवटी ठेवा. तोवर ट्रॅकवर रबर बसलेलं असेल, पण ऊनही वाढलेलं असेल, म्हणून शेवटी एम२ पुन्हा एकदा चालवून बघू. तिची दुसरी वेळ पहिल्याशी जुळली तरच मधल्या वेळा धरायच्या.

भरतीओहोटी

एम२ पुन्हा चालवायची कल्पना फार आवडली, नोंदीचं काम मी घेते. प्रत्येक सेशननंतर डिस्कचं तापमान मोजायला इन्फ्रारेड थर्मामीटर आणते. फ्लुइड बदलल्याची तारीख चौघांनी इथेच लिहा.

टायरवाला_चिपळूण

रिसीव्हर माझ्याकडे नाही, पण टायर गेज, बारा व्होल्टचा पंप, टॉर्क रेंच आणि जॅक माझ्या गाडीत असतील. चाकांचे नट ट्रॅकवर उतरण्याआधी आणि पहिल्या सेशननंतर, दोन्ही वेळा मीच तपासणार. अलॉयच्या नटांचा टॉर्क किती ते प्रत्येकाने आपल्या गाडीच्या पुस्तकात बघून इथे टाका.

आमराई

सेकंदाला १० नोंदी घेणारा रिसीव्हर माझ्या भावाकडे आहे, देतो म्हणाला. मी पण येतोय, फक्त बघायला. गाडीत एक जागा कुणाकडे आहे?